ठरावात 'घेणाऱ्यांचं'ही नाव घाला : ग्रामसभेला खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य
आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला येणारी आमची सगळी गावकरी मंडळी

सप्रेम नमस्कार.

येत्या ग्रामसभेपुढे गावातलं सरकारमान्य देशी दारूचं दुकान बंद करायचा विषय आहे. मी त्या ठरावाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको. मतदान लागलं तर माझा शिक्का आडव्या बाटलीवरच, म्हणजे दुकान बंद करायच्या चिन्हावरच पडणार. पण ठरावाचा मसुदा हातात आला आणि दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. त्यात लिहिलंय की दारू पिणाऱ्या लोकांमुळे गावाचं वातावरण बिघडत चाललंय, बायकांना आणि शाळेच्या पोरांना त्रास होतोय. शब्दन् शब्द खरा आहे. खाली सूचक-अनुमोदक धरून पुरुषांच्या अकरा सह्या आहेत. त्यातल्या सात जणांच्या हातात मी ग्लास पाहिलेला आहे. लग्नात, हळदीत, निवडणुकीत, हायवेच्या ढाब्यावर. नावं घेणार नाही. ही माणसं वाईट नाहीत, त्यातले दोघे तर माझ्या अडीनडीला रात्री-अपरात्री धावून आलेत. पण हा ठराव दुसऱ्याच कुणाबद्दल तरी आहे असं त्यांना मनापासून वाटतं. मला बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

मी एकवीस वर्षं गावात पिठाची गिरणी चालवते. मालक गेल्यापासून एकटीच. गिरणीवर बसणाऱ्याला घरोघरचं आपोआप कळतं, कुणी सांगावं लागत नाही. ज्या घरचं नीट चाललंय तिथून ठरल्या वाराला डबा येतो, दहा-बारा किलोचा, झाकणावर नाव घातलेला. घरात दारू शिरली की आधी वार चुकतो. मग दहाचे पाच किलो होतात. मग डबा जाऊन पिशवी येते, रेशनचा गहू येतो, आणि "ताई, पैसे उद्या देते" सुरू होतं. मागच्या पावसाळ्यात एक बाई आली, पदराखाली पिशवी. वजन केलं तर सव्वा किलो. एवढं थोडं दळण सुटं टाकता येत नाही, निम्मं पाळ्यांतच अडकून राहतं. मी तिचं दळण माझ्या घरच्या गव्हाच्या मागे सोडलं आणि मापाने तिला भरून दिलं. ती काही बोलली नाही. जाताना पिशवीला बाहेरून लागलेलं पीठ तिने तळहाताने झटकलं, आणि तो तळहात चाटला.

तिच्या नवऱ्याला सगळं गाव बेवडा म्हणतं. ठरावातला 'दारू पिणारा' म्हणजे तो.

आता दुसरं घर सांगते, तेही नाव न घेता. बारा एकर बागायत, दोन ट्रॅक्टर. त्या घरचा कर्ता माणूस तिच्या नवऱ्याइतकीच पितो, कदाचित जास्त. पण त्याच्या घरून येणारा डबा गेल्या दहा वर्षांत अर्ध्या किलोनेही कमी झालेला नाही. पिकाचा पैसा आहे, भावाची नोकरी आहे. त्याची दारू पिठाच्या डब्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही. त्याच्या बायकोच्या कपाळावरची खोक दळण घालताना मला दिसली होती. ती म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. मी मान हलवली. एका गावात राहायचं असतं.

आपल्या बोलण्यातच बघा. साहेब 'घेतात'. पाव्हणे 'बसतात'. सेंट्रिंगवरचा पोरगा 'पितो'. बंगल्याच्या गच्चीवर झाली तर पार्टी, वस्तीवर झाली तर धिंगाणा. हायवेला असलं तर परमिट रूम, स्टँडच्या मागे असलं तर गुत्ता. मुलीला स्थळ आलं की मध्यस्थ सांगतो, पोरगा एकदम निर्व्यसनी. जरा खोदून विचारलं की म्हणतो, तसं मित्रांत कधीतरी घेतो, आजकाल एवढं चालतंच. 'घेतो' म्हटलं की सोयरीक मोडत नाही. आणि एखाद्या बाईने कुठे एकदा घेतली असं कळलं, तर तिला मात्र कुणी 'घेते' म्हणत नाही. 'पिते' म्हणतात, आणि त्यापुढे जे म्हणतात ते मला इथे लिहवत नाही.

एका क्रियापदाच्या आडोशाला आपण सगळे सुखाने बसलोय. पोटात गेल्यावर ते अल्कोहोल विचारत नाही की तुम्ही घेतली का प्यायलात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. त्यात भारी-हलकी असा भेद केलेला नाही.

आणि ही देशी येते कुठून? आपण सगळे ऊसवाले. दिवाळीला सभासदाची साखर आणतो. साखर काढल्यावर मळी उरते, मळीपासून डिस्टिलरीत स्पिरीट निघतं, आणि देशी दारू मुख्यतः त्याच स्पिरीटची होते. आपल्या सरीतला ऊस ट्रॅक्टरने जातो आणि बाटलीत भरून स्टँडमागच्या काउंटरवर परत येतो. वार्षिक सभेत डिस्टिलरीचं उत्पन्न वाढल्याचं वाचून दाखवतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. माझ्याही नावावर एक शेअर आहे आणि टाळ्या मीही वाजवल्यात. त्या वेळी माझ्या डोक्यात उसाचा दर होता, सव्वा किलोची पिशवी नव्हती. तुमच्याही डोक्यात तेच असणार, म्हणून सांगते.

जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा आठवतंय का? केवढा गदारोळ झाला. एका बाजूने, वाईन म्हणजे दारूच नाही, द्राक्षवाल्या शेतकऱ्याचं त्यात भलं आहे असं सांगितलं गेलं. दुसऱ्या बाजूने, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय म्हणून आरडाओरडा. तो निर्णय तसाच पडून राहिला. पण त्या भांडणात मला एक गोष्ट लागली. वाईनसाठी शेतकऱ्याचं नाव पुढे केलं. देशीसाठी ते कुणी पुढे करत नाही, तीसुद्धा शेतकऱ्याच्याच उसाची असताना. कारण वाईन पिणारा माणूस इज्जतीचा धरलाय.

सरकारचं तर काय सांगावं. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात लिहिलंय की राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा. आपला १९४९चा कायदा आजही दारूबंदीचाच कायदा आहे. त्या कायद्याने प्यायला परवाना लागतो, म्हणून तर 'परमिट रूम' हे नाव पडलं. बियर आणि वाईनला २१ वर्षं, कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. आपल्या ढाब्यावर कुणाचं परमिट आणि कुणाचं वय आजवर विचारलं गेलंय? आणि त्याच दारूबंदीच्या कायद्याखाली राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींच्या वर जमा होतात. २०२५च्या जूनमध्ये दारूवरचा कर वाढवला, तेव्हा त्यातून आणखी १४,००० कोटी येतील असा हिशोब मांडला होता. त्या वेळी १८० मिलीच्या देशीची किमान किंमत ८० रुपये ठरली. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये महिन्याला माझ्याकडे दळायला येणाऱ्या बाईच्या खात्यात पडतात. तिच्या नवऱ्याची रोजची एकच क्वार्टर धरली तरी महिन्याचे २,४०० होतात. मला शाळा सातवीपर्यंतच, पण एवढी वजाबाकी येते. असो, सरकारला लिहायचं पत्र वेगळं. हे तुम्हाला आहे.

आता घरचं सांगते. गावाला माहीत असलेलंच आहे, फक्त माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

आषाढातली अमावास्या म्हणजे आपल्याकडे दिव्यांची अवस. आई त्या दिवशी समया, निरांजनं, कंदील, झाडून सगळे दिवे चिंच लावून घासायची, पाटावर ओळीने मांडायची, कणकेचे गोड दिवे करायची. आता शाळेतल्या पोराला विचारलं तर तेसुद्धा त्या दिवसाचं नाव 'गटारी' सांगतं. माझा धाकटा भाऊ गटारीला पोटभर प्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा. थेंब नाही. दर सोमवारी महादेवाला अनवाणी जायचा. आई कौतुकाने सगळ्यांना सांगायची, "माझा पोरगा मनात आणलं तर सोडतो." तो स्वतःही म्हणायचा, मला व्यसन असतं तर महिनाभर राहिलो असतो का? आम्हाला पटायचं. गणपती येईपर्यंत तो दिवस मोजत असायचा हे मला दिसायचं, पण त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही. पुढे व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी मला विचारलं, "ताई, ज्याला तहान नाही तो पाण्याचे दिवस मोजतो का?" श्रावणातल्या त्या एका महिन्याने आमच्या घराला अकरा वर्षं फसवलं. पुढे पुढे तर श्रावणातसुद्धा तो गुपचूप थोडी घेत होता, हे त्याने केंद्रात सांगितल्यावर मला कळलं. सोमवारची अनवाणी वारी मात्र त्याने एकदाही चुकवली नव्हती.

२०२० साली मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि दुकानं एकाएकी बंद झाली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, चहाचा कप धरवेना. चौथ्या रात्री तो उठून भिंतीवरच्या मुंग्या मारायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. घामाने अंथरूण भिजलेलं, आणि तो मला ओळखेना. मी देवमाणसाच्या घरात वाढलेली, माळकरी बापाची लेक. त्या रात्री पदराला पैसे बांधले आणि जिथे चोरून मिळते असं ऐकलं होतं त्या दारात जाऊन उभी राहिले. एका बाटलीला बाराशे मोजले. माझ्या हाताने त्याच्या तोंडाला लावली. तो तासाभरात शांत झोपला आणि मी पहाटेपर्यंत गिरणीत अंधारात बसून होते. नंतर डॉक्टर म्हणाले, एवढी सवय असलेल्या माणसाची दारू एकदम तुटली की झटके येतात, जीवसुद्धा जातो, तुम्ही त्याला थेट सरकारी दवाखान्यात न्यायला हवं होतं. मला ते माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. दारूबद्दल आपण जन्मभर बोलतो, आणि ज्याची ती अंगात मुरलीय त्याचं काय होतं, हे कुणी कुणाला सांगत नाही.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हापासून आपल्या राज्यात जाणती माणसं सांगत आलीत की व्यसन हा आजार आहे. आमच्यापर्यंत ते पोचायला भिंतीवरच्या मुंग्या लागल्या.

धाकट्याने सोडली. महिनाभर केंद्रात राहिला, मग आठवड्याला तालुक्याला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जायला लागला. तीन वर्षं अंगाला शिवून घेतली नाही. दूध-डेअरीचं काम मिळालं. पोरांच्या वह्या तो स्वतः दुकानात जाऊन आणायचा, कव्हरं घालून द्यायचा. त्या तीन वर्षांत गावातल्या एका तरी माणसाने त्याला "चांगलं केलंस" म्हटलं असेल तर मला सांगा. उलट "काय साधू झालास का" म्हणणारे डझनभर.

मग चुलत पुतण्याची हळद आली. सांगायला लाज वाटते, पण सांगते. हळदीला आजकाल काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मांडवात बायका हळद लावतात, गाणी म्हणतात, आणि मागे खळ्यावर 'पोरांची सोय' असते. मुलीच्या बापालाही लग्न ठरतानाच बजावलेलं असतं, वरातीच्या वेळी पोरांची काय ती सोय करा. साखरपुड्याच्या यादीत पंगत, मानपान, बँजो यांच्याबरोबर ही सोयही धरलेली असते, फक्त कागदावर लिहीत नाहीत. धाकटा खळ्यावर गेला तो जेवण वाढायला. चौघांनी धरून बसवला. एकुलत्या पुतण्याची हळद आहे, आज नाही तर कधी? एवढीशी घेतल्याने काय होतं? आमचा मान नाही ठेवणार? तो उठला, पुन्हा बसवला. मग कुणीतरी त्याच्या थंड पेयाच्या ग्लासात ओतली आणि तो ग्लास त्याने रिकामा करेपर्यंत सगळे हसत होते. मी चुलीपाशी होते. हसण्याचा आवाज मला ऐकू आला, मला वाटलं पोरं मजेत आहेत.

पुढचे पाच महिने मी सांगत बसत नाही. डेअरीचं काम गेलं. त्याची बायको पोरं घेऊन माहेरी गेली. आणि ज्यांनी ग्लासात ओतली त्यांच्यातलाच एक जण पारावर म्हणाला, "शेवटी बेवडा तो बेवडाच. कुत्र्याचं शेपूट." त्या माणसाची सही तुमच्या ठरावावर आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१च्या, देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १९ टक्के दारू पितात असं निघालं. बायकांत टक्काभर. म्हणजे शंभरातले ऐंशीच्या वर पुरुष पीत नाहीत. मग खळ्यावर कारण कुणी द्यायचं? पिणाऱ्याला कुणी विचारत नाही का पितोस म्हणून. न पिणाऱ्याला मात्र शपथा, पोटदुखी, गोळ्या चालू आहेत, माळ घातलीय, काहीतरी सांगावं लागतं. "मला नको" एवढं पुरत नाही. ज्या गावात "मला नको" हे पूर्ण उत्तर होत नाही, त्या गावाने दुकानाला कुलूप लावलं तरी खळ्यावरचा ग्लास तसाच राहणार.

आणखी एक, जे मला फार टोचतं. शौचालयाची टाकी तुंबली, विहिरीतला गाळ काढायचा, गोठ्यात मेलेलं जनावर ओढायचं, की आपण कुणाला बोलावतो? आणि ठरवताना काय म्हणतो? "एवढे पैसे आणि वर एक क्वार्टर." शुद्धीत करवणार नाही असं काम आपण त्याला देतो, शुद्ध घालवायचे पैसे वर देतो, आणि संध्याकाळी तो रस्त्यात पडलेला दिसला की नाकाला पदर लावून, रुमाल लावून पुढे जातो. त्याच्या त्या क्वार्टरचा खर्च माझ्या घरातूनही गेलाय. मालक असताना जायचा, मी अडवलं नाही.

निवडणुकीचं तर सगळ्या पॅनेलांना माहीत आहे. मतदान संपायच्या आधी ४८ तास दारूविक्री बंद असते, म्हणून माल चार दिवस आधी येऊन पडतो. मागच्या वेळी चिठ्ठी दाखवली की ढाब्यावर जेवण आणि बाटली मिळत होती. आमच्या गल्लीतल्या अठरा वर्षांच्या पोराने पहिलं मत दिलं आणि पहिली दारूही त्याच आठवड्यात प्यायला. त्याची आई मला म्हणाली, "फुकटची होती ना ताई, मित्रांनी नेलं." आज सभागृहात दारूबंदीचा ठराव वाचणाऱ्यांत दोन्ही पॅनेलची माणसं आहेत. तुम्हाला अडवायला मी हे लिहीत नाही. पुढच्या निवडणुकीला ती चिठ्ठी काढणार नाही, एवढा शब्द दोन्ही पॅनेलांनी त्याच सभेत द्यावा, यासाठी लिहितेय.

एका सदस्यांनी मागच्या बैठकीत सुचवलं म्हणे, पिऊन सापडेल त्याला चावडीवर उभं करायचं, दंड घ्यायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा. राळेगणसिद्धीत एके काळी पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके देत, हा दाखलाही दिला. मी राळेगणला जाऊन आलेय. तिथलं पाण्याचं काम पाहून हात जोडले. पण खांबाची गोष्ट मला तेव्हाही पटली नाही, आज तर नाहीच. चावडीवर कोण उभा राहील ते मला आत्ताच सांगता येईल. सव्वा किलोवाल्या बाईचा नवरा उभा राहील, माझा भाऊ उभा राहील. बारा एकरवाला उभा राहणार नाही. तो घरात पितो, त्याच्या दारात जायची कुणाची छाती नाही. आणि ज्याचा फोटो ग्रुपवर जाईल त्याची पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाईल का, याचा विचार करा.

नुसत्या बंदीनेही भागत नाही, हे आपण शेजारच्या जिल्ह्यांत नाही तरी राज्यात पाहिलंय. चंद्रपूरला २०१५ साली दारूबंदी झाली, बायकांनी त्यासाठी किती पायपीट केली होती. २०२१ साली सरकारने ती उठवली, कारण सांगितलं की चोरटी दारू वाढली. गडचिरोलीत १९९३ पासून आहे आणि तिथे माणसं अजून तिच्यामागे उभी राहून काम करतात, म्हणून ती टिकलीय. मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तीही गरिबांचीच. दुकान बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी हातभट्टीचा कॅन कुठल्या शेतातून निघेल, हे आत्ताच बघून ठेवावं लागेल. ते काम मतदानाहून अवघड आहे.

मतदानही सोपं नाही म्हणा. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. आणि आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. लग्न होऊन सासरी गेलेल्या, पुण्याला कामाला गेलेल्या, वारलेल्या पण यादीतून नाव न निघालेल्या, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्यासारख्याच होतात. सरपंच एका मताने निवडून येतो, बाटलीला पाडायला मात्र निम्मी यादी लागते. म्हणून यादी आत्ताच साफ करायला घ्या. ग्रामसेवकांकडे मी गेल्या महिन्यात बावीस नावं दिलीत, वारलेल्यांची आणि सासरी गेलेल्यांची.

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल पालिकेला लेखी तक्रार केली होती. एका शिक्षकांनी मला हे सांगितलं तेव्हा बरं वाटलं. आपल्याकडे दारूबद्दल पंचायतीला पत्र लिहायची रीत जुनी आहे.

तर माझं मागणं. दुकान बंदीच्या ठरावात आणखी काही ओळी घाला. गावातल्या हळदीला, वरातीला, भूमिपूजनाला, वाढदिवसाला दारू ठेवणार नाही, ज्याच्या घरी कार्य आहे त्यानेच आधी सांगायचं. कामाच्या मजुरीत क्वार्टर धरायची नाही, तेवढे पैसे रोख वाढवून द्यायचे. दोन्ही पॅनेलांनी चिठ्ठीबद्दल शब्द द्यायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेचा एक वर्ग गुरुवारी संध्याकाळी दीड तास उघडून द्या, तालुक्याच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे धाकटा जातो त्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधली माणसं इथे यायला तयार आहेत, पैसे मागत नाहीत, फक्त खोली आणि दिवा लागतो. त्या वर्गाच्या खिडकीतून डोकावून आत कोण बसलंय ते बघायचं नाही. कुणाची एकदम सुटून हातपाय थरथरायला लागले, भास व्हायला लागले तर १०८ला फोन करायचा, हे आशाताईंनी घरोघर सांगावं. आणि मसुद्यात 'दारू पिणाऱ्या लोकांमुळे' लिहिलंय तिथे 'आपल्या गावातल्या दारूमुळे' लिहा. हा एक शब्द बदलायला हरकत असेल त्याने सभेत उभं राहून हरकत सांगावी, मी ऐकेन.

ज्या सात जणांबद्दल मी सुरुवातीला लिहिलं त्यांना हात जोडून सांगते, सही मागे घेऊ नका. तुमची सही लागणार आहे. फक्त त्या दिवशी बोलताना "ते लोक" म्हणू नका.

धाकटा गेले चौदा महिने परत नीट आहे. बायको-पोरं घरी आलीत. गिरणीत पट्टा बदलायला, पाळ्यांना टाकी लावायला तोच येतो. खळ्यावरच्या त्या रात्रीबद्दल त्याने आजवर कुणाला दोष दिलेला नाही. मी देते, म्हणून हे पत्र मी लिहिलंय, त्याने नाही. त्याला वाचून दाखवलं, त्याने दोन ठिकाणी शब्द सौम्य करायला लावले आणि बाकीचं राहू दे म्हणाला.

महिला सभा १ तारखेला दुपारी तीन वाजता समाजमंदिरात आहे. सह्यांचा कागद गिरणीत वजनकाट्याशेजारी ठेवलाय, पेन दोऱ्याने बांधलंय. त्या दिवशी गिरणी दोनला बंद होईल, तेव्हा दळणं सकाळीच आणून टाका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गिरणीवाली ताई